मागे फिरायचं कोण ठरवतं?

अभयारण्यात पाऊल टाकायचं तर कायदा आधी कारण विचारतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमात ही कारणं दिलेली आहेत: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या कुणाशी असलेलं कायदेशीर काम. नुसतं चालावंसं वाटतं म्हणून आलेल्या माणसासाठी यात वेगळा रकाना नाही. तो ‘पर्यटन’ या शब्दाखाली मावतो. त्याच्या आधीचं २७ वं कलम याहून कडक आहे. परवान्याशिवाय आत कोण जाऊ शकतं ते तिथे मोजून सांगितलंय. कामावर असलेला सरकारी नोकर, आत राहायची परवानगी असलेला माणूस, आत जमीनजुमल्याचा हक्क असलेला माणूस, सार्वजनिक हमरस्त्याने आरपार जाणारा आणि यांतल्या पहिल्या तिघांवर अवलंबून असलेले घरचे लोक. बाकी सगळ्यांनी कागद घ्यायचा. राखीव वनांचं तर १९२७ च्या भारतीय वन कायद्यापासूनच तसं आहे, परवानगी नसताना शिरणं हाच गुन्हा.

मला ही मांडणी पटते. रस्त्यावर, बागेत, समुद्रावर आपण धरून चालतो की मनाईची पाटी नसेल तर जायला हरकत नाही. जंगलात याच्या उलट आहे. तिथे मनाई हा नियम आणि आपलं जाणं हा अपवाद. आपण अपवाद आहोत हे एकदा मनात ठसलं की चालणंच बदलतं. आवाज आपोआप खाली येतो.

पण तपासणी नाक्यावर पहाटे जमलेल्या लोकांना हे सांगून बघा. पाठीवर सॅक, पायात नवे बूट, रात्रभर प्रवास करून आलेले डोळे, आणि खिडकीमागचा माणूस म्हणतो, आजचा कोटा संपला. ‘आम्ही काय झाडं तोडायला आलोय का?’ हे वाक्य मी इतक्या नाक्यांवर ऐकलंय की आता ते येणार हे चेहऱ्यावरूनच कळतं. त्यांचं खोटं नाही. त्यांच्यातला एकही जण झाड तोडणार नसतो. जंगलाला त्रास होतो तो एकेकट्याच्या वागण्यापेक्षा बेरजेचा. वाटेवर चिखलाचा एक तुकडा असतो. पहिला माणूस बूट वाचवायला कडेने जातो, दुसरा त्याच्याही बाहेरून. महिन्याभरात पायवाट दुप्पट रुंद होते, कडेची रोपं चेंगरतात, माती घट्ट बसते, आणि पुढच्या पावसाला पाणी मुरायच्या ऐवजी त्याच वाटेने ओघळून खाली जातं. वर्षा-दोन वर्षांत तिथे घळ तयार होते आणि झाडांची मुळं उघडी पडतात. यात गुन्हेगार कुणीच नसतो. म्हणून तर आकडा ठरवावा लागतो.

हा आकडा ठिकठिकाणी वेगळा आहे आणि त्यामागचा विचारही वेगळा. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हाफ डोम नावाच्या खडकावर चढायला लावलेल्या दोरांवर दिवसाला साधारण तीनशे माणसं सोडतात, कारण त्या उभ्या दगडावर गर्दी झाली की खाली उतरणाऱ्याला जागाच राहत नाही. पेरूमधल्या इंका वाटेवर दिवसाला पाचशे, आणि त्यात गाइड आणि ओझी वाहणारेही धरलेले. शिवाय फेब्रुवारीत ती वाट डागडुजीसाठी बंदच असते. गॅलापागोस बेटांवर एका परवानाधारक गाइडमागे जास्तीत जास्त सोळा जण. आणि युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसातून एकदाच, आठ माणसांनी, एक तास भेटायचं.

या सगळ्यात ब्विंडीचा आकडा मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. तो वाटेच्या झिजेवरून आलेला नाही, आजाराच्या भीतीतून आलेला आहे. गोरिला आपल्या इतक्या जवळचा नातलग आहे की आपली साधी सर्दी त्याच्या छातीत गेली तर तो दगावू शकतो. पर्वतीय गोरिला जगात हजाराच्या थोडे वरच उरलेत. म्हणून अंतर ठेवायचं, तोंडावर मास्क लावायचा, पंधरा वर्षांखालच्या मुलांना न्यायचं नाही, आणि ज्याला खोकला झालाय त्याने जायचंच नाही. आता कल्पना करा, कुणी अर्धी पृथ्वी ओलांडून आलाय, वर्षभर आधी परवाना काढलाय, आणि सकाळी सूचना चालू असताना त्याला शिंक येते. त्याच्या खिशातल्या परवान्यावर सही-शिक्का सगळं आहे. तरी त्याला ‘तुम्ही आज नाही’ असं समोर उभं राहून सांगायचं काम कुणाला तरी करावं लागतं. नियम कागदावर असतो. तो अंमलात आणायची वेळ एका माणसावर येते, आणि समोरचा माणूस त्याचं गिऱ्हाईक असतो.

गाइडचं खरं काम मला हे वाटतं. वाट दाखवणं हे त्यातलं सोपं काम. पक्ष्यांची नावं सांगणं, प्रथमोपचाराची पेटी बाळगणं, मागे राहिलेल्याची वाट बघणं, हेही सगळं येतं. पण ‘आता मागे’ असं म्हणता येणं, आणि त्याचं ऐकलं जाणं, यावर बाकी सगळं उभं आहे.

दक्षिणेतल्या एका सदाहरित जंगलात आम्ही चालत होतो. पुढे गाइड, पन्नाशीचा, सगळे त्याला अण्णा म्हणत होतो. वाट बांबूच्या बेटांमधून वळत होती आणि वळणावर हत्तीची लीद पडलेली. आमच्यातल्या दोघांनी लगेच मोबाइल काढले. अण्णा उकिडवा बसला. काठीने लिदीचा एक गोळा फोडला आणि तळहात उलटा करून आतल्या भागावर धरला, अगदी वीतभर वरून. मग कडेला पडलेलं बांबूचं कांडं उचललं. ते मधून चिरडलेलं होतं, आणि चिरडल्या जागी अजून ओलं होतं. त्याने ते नाकाशी नेलं, ठेवून दिलं, आणि चिमूटभर सुकी माती वर उचलून सोडली. माती आमच्या पाठीमागून पुढे गेली. म्हणजे वारा आमचा वास पुढे नेत होता. बांबू इतका दाट की दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. तो उठला आणि म्हणाला, ‘आता मागे.’

वर धबधबा होता. त्यासाठीच सगळे आले होते. एक जण म्हणाला, अण्णा, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. दुसऱ्याने हळूच जास्तीचे पैसे देऊ असंही सुचवलं. अण्णाने वाद घातला नाही, समजावलं नाही. आमच्यातल्या सगळ्यात दमलेल्या मुलीची पिशवी खांद्याला लावली आणि आल्या वाटेने चालू लागला. जंगलात गाइड निघून गेल्यावर मागे थांबायची कुणाची छाती होत नाही.

आम्हाला हत्ती दिसला नाही. फांदी मोडल्याचा आवाजही आला नाही. तासाभराने चौकीवर पोचलो तेव्हा दोघे-तिघे कुरकुरत होते की उगाच घाबरवलं. मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. वेळेवर मागे फिरवणाऱ्या माणसाकडे आपण बरोबर होतो हे दाखवायला काहीच उरत नाही. जे टळलं ते कुणाला दिसत नाही. दिसतो तो फक्त हुकलेला धबधबा. त्यामुळे ‘मला पटवून दे, मग मी मागे फिरतो’ हा व्यवहार जंगलात चालूच शकत नाही. गाइडचा शब्द आधीच मान्य केलेला असावा लागतो, आणि त्याला तो शब्द काढायची किंमत मोजावी लागू नये अशी सोय असावी लागते.

अण्णाकडे ती सोय होती. परवान्याच्या मागे अटी छापल्या होत्या, त्यात गाइडच्या सूचना बंधनकारक असल्याचं लिहिलं होतं. आणि त्याची मजुरी आम्ही देत नव्हतो. आमचे पैसे गावाच्या समितीकडे जमा झाले होते आणि त्याला त्याचा पगार तिथून मिळत होता. धबधबा बघून आम्ही खूश झालो काय, न बघता नाराज झालो काय, त्याच्या घरची चूल त्यावर अवलंबून नव्हती. जास्तीच्या पैशांना तो बधला नाही यात त्याचा स्वभाव होताच, पण व्यवस्थेने त्याच्या स्वभावाला आधार दिला होता.

असा आधार नसला तर काय होतं तेही पाहिलंय. दुसऱ्या एका राखीव जंगलात फाटकावर पाळीने गाइड मिळायचे. आमच्या वाट्याला विशीतला मुलगा आला. गळ्यात ओळखपत्र, अंगावर खाकी शर्ट, आणि वाट त्याला पाठ होती, शंकाच नाही. आमच्यापुढे एक मोठा घोळका होता, त्यांच्याबरोबरही असाच एक मुलगा. घोळक्यातले काही जण वाट सोडून डोहाकडे उतरू लागले. तिथे उतरायची मनाई होती, पाटी लावलेली होती. तो मुलगा एकदा ‘साहेब’ म्हणाला आणि मग जमिनीकडे बघत उभा राहिला. मी आमच्या मुलाला विचारलं, तो अडवत का नाही? तो म्हणाला, ‘नाही म्हटलं की वर तक्रार करतात. आणि बक्षिसी जाते ती वेगळीच.’ त्याची रोजची ठरलेली मजुरी इतकी कमी होती की बक्षिसी हीच खरी कमाई. कागदोपत्री तो परवानाधारक मार्गदर्शक होता. प्रत्यक्षात त्याला नाही म्हणायचा अधिकारच दिलेला नव्हता. ओळखपत्राने नियम पुरा होतो, जंगलाचं काम होत नाही.

केरळमधल्या पेरियार व्याघ्र प्रकल्पाने हा गुंता बऱ्याच अंशी सोडवला, आणि ती हकीकत आपल्याकडे जितकी सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही. तिथे जंगलात चोरून शिरून दालचिनीच्या जातीतल्या वयना झाडांची साल काढणारी माणसं होती. शिकारही व्हायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वनविभागाने यातल्याच काही जणांना घेऊन समिती केली आणि पर्यटकांना पायी जंगलात नेण्याचं काम त्यांच्या हाती दिलं. ज्या माणसांना वनरक्षकांना चुकवून रात्री जंगलात वावरता येत होतं, त्यांच्याइतकी वाटांची जाण कुणाला असणार? चोरवाटा त्यांना ठाऊक, चोरटे कुठून येतील तेही ठाऊक. आता त्यांच्या चालण्यातून पर्यटनही होतं आणि गस्तही. पुढे त्याच परिसरातल्या बायकांनी वसंत सेना उभी केली. त्या रोज आळीपाळीने, मोबदला न घेता, जंगलात गस्त घालतात. परवान्याचे पैसे कुठे जातात असं जेव्हा कुणी विचारतं तेव्हा मला हे उत्तर द्यायला आवडतं. सगळीकडे हेच उत्तर देता येत नाही, हेही खरं.

गाइडला काय येतं आणि लायसन्सच्या परीक्षेत काय विचारतात, यात मोठं अंतर आहे. १९८७ मध्ये काही शास्त्रज्ञ केरळातल्या अगस्त्यमलैच्या डोंगरात वनस्पती शोधत फिरत होते. वाट दाखवायला काणी जमातीची माणसं होती. चढ चढून शास्त्रज्ञ थकले, आणि काणी मात्र ताजेतवाने. चालता चालता ते कसली तरी लहान फळं तोंडात टाकत होते. विचारल्यावर आधी त्यांनी सांगायला नकार दिला. ती जमातीची ठेव होती. पुढे विश्वास बसल्यावर त्यांनी ती वनस्पती दाखवली: आरोग्यपच्च. त्यावरून ‘जीवनी’ नावाचं औषध तयार झालं, एका आयुर्वेदिक कंपनीला त्याचे हक्क दिले गेले, आणि मिळालेल्या पैशातला निम्मा वाटा काणींच्या न्यासाला द्यायचा असं ठरलं. पारंपरिक ज्ञानाचा मोबदला त्या ज्ञानाच्या धन्यांना देण्याचं हे जगातल्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक म्हणून ओळखलं जातं. पुढे त्यात वादही झाले. मला यातला तो पहिला नकार महत्त्वाचा वाटतो. वाट दाखवायला होकार देणं म्हणजे सगळं दाखवायला होकार देणं नव्हे. बरोबरच्या माणसाला काही गोष्टी न सांगायचा हक्क आहे. कुठल्या झाडावर घरटं आहे, कुठल्या खोबणीत ऑर्किड फुललंय, हे माहीत असूनही तो मला सांगत नसेल तर तो त्याचं काम नीट करतोय.

त्याच अगस्त्यमलैच्या शिखरावर, अगस्त्यकूडमवर, बायकांना ट्रेकचा परवाना बराच काळ मिळत नव्हता. २०१८ च्या शेवटी केरळ उच्च न्यायालयाने ही अडवणूक चालणार नाही असं सांगितलं आणि जानेवारी २०१९ मध्ये पहिली स्त्री रीतसर परवाना घेऊन वर पोचली. शिखर आपलं पवित्र स्थान आहे म्हणून काणींचा त्याला विरोध होता. दोन्ही बाजूंचं ऐकल्यावर मन सहज एका बाजूला जात नाही, पण कोर्टाचा निर्णय मला योग्य वाटतो. परवाना नाकारायची सगळीच कारणं जंगलाच्या भल्याची नसतात, आणि म्हणून नकाराचं कारण लेखी असावं.

आणि एक नकार तर फार मोठा होता. १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्या जंगलात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या बात्वा लोकांना बाहेर काढलं गेलं. शेजारच्या मगाहिंगा राष्ट्रीय उद्यानातही तेच झालं. आज मगाहिंगात बात्वा पर्यटकांना जंगलात घेऊन जातात, आपले पूर्वज कसे राहत, आग कशी पेटवत, मध कसा काढत ते दाखवतात. गोरिला वाचले ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्यांना त्या झाडांखाली जायला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं त्यांना आता पर्यटकांच्या परवान्याबरोबर आत जावं लागतं, हे वाचलं तेव्हा माझा बराच वेळ दुसरं काही वाचण्यात जीव लागला नाही. संरक्षित वनाचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवू नये असं मला कळकळीने वाटतं.

परवान्याचा सगळ्यात साधा उपयोग सगळ्यात कमी बोलला जातो. आत किती माणसं आहेत आणि कोण आहेत हे बाहेर कुणाला तरी ठाऊक असतं. मलेशियातल्या किनाबालू पर्वतावर गाइडशिवाय चढता येत नाही आणि प्रत्येकाचं नाव नोंदलेलं असतं. ५ जून २०१५ च्या सकाळी तिथे भूकंप झाला. कडे कोसळले, वाट तुटली, शंभरावर माणसं वर अडकली. अठरा जण गेले, त्यात गाइडही होते. अडकलेल्यांना खाली आणण्याचं मोठं काम त्या पर्वताच्या पायथ्याशी वाढलेल्या गाइडांनी केलं, तुटलेल्या वाटेला बगल देत. वर कोण आहे याची यादी नसती तर कुणाला शोधायचं हेच कळलं नसतं. म्हणून चौकीवरच्या त्या वहीत बाहेर पडल्याची वेळ लिहायला मी कधी आळस करत नाही. आत जाताना सगळे रांगेत उभे राहून सही करतात; बाहेर येताना मात्र गाडी गाठायची घाई असते, आणि रात्री वनरक्षक रिकाम्या रकान्याकडे बघत बसतो.

मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरावर वणवा पेटला आणि ट्रेकला गेलेल्या वीसहून अधिक जणांचा जीव गेला. सुकलेल्या गवताच्या उतारावर आग वर चढते तेव्हा माणसाला पळून तिच्यापुढे राहता येत नाही. त्याच वर्षी त्या राज्याने ट्रेकिंगसाठी वेगळे नियम केले; वाटांची सोपी, मध्यम, अवघड अशी वर्गवारी झाली. २०२४ मध्ये तिथल्या वनविभागाने चाळीस वाटा ऑनलाइन नोंदणीसाठी खुल्या केल्या, आसपासच्या गावांतल्या आणि आदिवासी पाड्यांतल्या तरुणांना शिकवून गाइड केलं. वणव्याच्या दिवसांत या वाटा बंद ठेवतात. लोक तेव्हाही कुरकुरतात. कुरकुरू देत.

निघण्याआधी काय बघावं हे कुणी विचारलं तर मी आधी जमिनीचा दर्जा बघायला सांगतो. राखीव वन आहे, अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान आहे की व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, यावर कुठल्या कार्यालयात जायचं आणि मुळात पायी जाता येतं का हे ठरतं. एकाच डोंगराच्या दोन बाजू दोन वेगळ्या वनपरिक्षेत्रांत असू शकतात, आणि एकीकडचा कागद दुसरीकडे चालत नाही. ट्रेक नेणारी मंडळी ‘परमिशनचं आम्ही बघतो’ म्हणाली तर परवाना मागून डोळ्यांनी वाचावा, त्यावर वाटेचं नाव आणि तारीख आहे ना ते बघावं.

आणि गाइडला मजुरी कशी मिळते ते विचारावं. हे विचारायला लोकांना अवघड वाटतं. पण माझ्या मते त्या दिवसाची सुरक्षितता निम्मी तिथेच ठरते.

मला प्रत्येक वनविभागाच्या परवान्यावर आणखी एक अट छापलेली हवी आहे: गाइडने वाटेतून परत फिरवलं तर त्याला पूर्ण मजुरी मिळेल, त्याच्याविरुद्ध त्या कारणासाठी तक्रार घेतली जाणार नाही, आणि चालणाऱ्याला त्याच परवान्यावर दुसरी एखादी तारीख मिळेल. लोक याचा गैरफायदा घेतील, असं एका अधिकाऱ्याने मला सांगितलं. थोडे घेतीलही. पण आज ज्याच्या खिशाला झळ बसते तो त्या साखळीतला सगळ्यात गरीब माणूस आहे, आणि जंगलाची सगळी भिस्त नेमकी त्याच्याच शब्दावर आहे.

ती अट येईपर्यंत मी माझ्यापुरता एक रिवाज पाळतो. चौकीवरच, निघायच्या आधी, बरोबरच्या सगळ्यांसमोर गाइडच्या हातात पूर्ण पैसे ठेवतो, बक्षिसीसकट, आणि सांगतो की दादा, वाटेत कुठेही, कशासाठीही मागे फिरायचं म्हणालात तर आम्ही कारण विचारणार नाही. मागच्या हिवाळ्यात असं म्हटल्यावर एका गाइडने पैसे खिशात ठेवले, माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाला, ‘मग आज वरच्या वाटेने नकोच. परवापासून तिथे गवे आहेत, पिल्लू आहे बरोबर. खालच्या ओढ्याने नेतो.’